रिकामा रकाना : एका चित्रविनोदाचे प्रकरण

पुण्यातील चौघे जण काही वर्षांपासून मराठीत चित्रविनोद करीत आहेत. त्यांपैकी तिघे हिंजवडी आणि खराडी येथील सॉफ्टवेअर कंपन्यांत नोकरी करतात. चौथे एका महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतात, त्यामुळे वयात फारसे अंतर नसूनही बाकीचे त्यांना ‘सर’ म्हणतात. संगणक, गणित किंवा विज्ञान यांतील एखादी तांत्रिक गोष्ट घ्यायची आणि तिच्या आधाराने जात, स्त्रियांचे स्थान, अंधश्रद्धा किंवा शहराचा कारभार यांविषयी पुरोगामी बाजूने काही म्हणायचे, अशी त्यांची रीत आहे. चित्रे इन्स्टाग्रामवर टाकली जातात आणि तेथून ती व्हॉट्सअ‍ॅपवर पसरतात. माझा त्यांच्याशी संबंध मुद्रितशोधक म्हणून आला. चित्र बाहेर पडण्यापूर्वी त्यातील मजकूर माझ्या नजरेखालून जातो आणि त्याचे मानधन म्हणून टिळक रस्त्यावरील एका अमृततुल्यात चहा मिळतो. येथे मांडलेले प्रकरण एप्रिल ते जून २०२५ या काळातील एका चित्राचे आहे. त्या चित्रातील सर्वांत घातक शब्द माझ्या सूचनेवरून आला असल्यामुळे हे लेखन तटस्थ असल्याचा दावा मी करणार नाही. कोणाचेही नाव मी येथे देत नाही.

चित्राकडे वळण्यापूर्वी या विनोदाच्या जातकुळीविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. तांत्रिक विनोदात राजकीय भाष्य दोन प्रकारे येते. एका प्रकारात तांत्रिक संज्ञा हा केवळ पोशाख असतो. जातिव्यवस्था म्हणजे संगणकाचा जुना कोड, तो कोणी लिहिला हे कोणाला ठाऊक नाही, पण त्याला हात लावायला सगळे घाबरतात, असे एक चित्र या गटाने सुरुवातीच्या काळात केले होते आणि ते पुष्कळ लोकांना आवडले होते. मला ते तेव्हाही कच्चे वाटले होते, कारण तो कोड कोणी लिहिला हे बऱ्यापैकी ठाऊक आहे आणि त्याला हात न लावण्याचे कारण भीती नसून सोय हे आहे. दुसऱ्या प्रकारात तांत्रिक गोष्ट हाच युक्तिवादाचा सांगाडा असतो. ती काढून घेतली तर म्हणणेच कोसळते. हा दुसरा प्रकार दुर्मीळ आहे. मराठीत त्याचा एक पूर्वज म्हणून र. धों. कर्वे यांचे नाव घेता येईल. फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेला आणि मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात गणित शिकवलेला हा माणूस १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालवत राहिला आणि संततिनियमनासारख्या विषयावर त्याने अशा कोरड्या, हिशेबी उपहासाने लिहिले की सनातन्यांना त्यातील हिशेब अधिक झोंबला की उपहास, हे सांगणे कठीण आहे. १९३४ साली त्यांच्यावरील खटल्यात बचावासाठी डॉ. आंबेडकर उभे राहिले होते. या चौघांना कर्व्यांचा अभिमान आहे. तो रास्तही आहे, परंतु अभिमानाबरोबर येणारी निश्चिंतताही त्यांच्यात आली होती, असे आता मागे वळून पाहताना वाटते.

पुण्यात या विनोदाला आणखी एक जवळचा नातेवाईक आहे, तो म्हणजे पुणेरी पाटी. नीट पाहिले तर पुणेरी पाटी हा संगणकाने दाखवावा तसा त्रुटी-संदेशच असतो: थोडक्यात, अचूक, अटी स्पष्ट करणारा आणि चूक सर्वस्वी वाचणाऱ्याची आहे हे गृहीत धरणारा. तिच्यातील बोलणारा दाराच्या आत उभा असतो आणि वाचणारा बाहेर. या दिशेकडे गटातील कोणाचेही लक्ष गेले नव्हते, माझेही नाही.

चार चौकटी

चित्राचा विषय भाड्याचे घर हा होता. ज्याने पुण्यात अकरा महिन्यांच्या कराराने घर शोधले आहे त्याला एजंटचा दुसरा प्रश्न ठाऊक असतो. पहिला प्रश्न किती जण राहणार हा, आणि दुसरा पूर्ण नाव काय. पूर्ण नाव या शब्दांचा अर्थ येथे आडनाव असा असतो. आडनावावरून उलगडा झाला नाही तर मूळचे कुठले, असे विचारले जाते, आणि त्यानेही भागले नाही तर स्वयंपाकघराविषयी चौकशी होते.

पहिल्या चौकटीत एक तरुणी संगणकावर घरासाठीचा अर्ज भरताना दाखवली होती. तिने नाव लिहिले आहे, आडनावाचा रकाना रिकामा ठेवला आहे आणि लाल अक्षरांत संदेश आला आहे: ‘हा रकाना बंधनकारक आहे.’ दुसऱ्या चौकटीत तिने ‘माणूस’ असे आडनाव लिहिले आहे आणि संगणक विचारतो आहे, ‘मूळचे कुठले?’ तिसऱ्या चौकटीत तिने रकान्यात एक अवतरणचिन्ह, एक अर्धविराम, त्यापुढे ‘ड्रॉप टेबल’ ही, म्हणजे नोंदींचा तक्ता काढून टाकण्याची, आज्ञा आणि शेवटी दोन आडव्या रेघा लिहिल्या आहेत. चौथ्या चौकटीत उत्तर येते: ‘टेबल काढून टाकले आहे. बॅकअपवरून पूर्ववत करीत आहे, कृपया थांबा. बॅकअपचे ठिकाण: सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा.’

ज्यांना यातील तंत्र ठाऊक नाही त्यांच्यासाठी ते सांगतो, कारण पुढील सगळे प्रकरण त्यावर उभे आहे. माहितीचा साठा सांभाळणाऱ्या प्रणालीला आज्ञा आणि माहिती या दोन्ही गोष्टी मजकुराच्या रूपात मिळतात. प्रोग्राम लिहिणाऱ्याने निष्काळजीपणे वापरकर्त्याचा मजकूर थेट आज्ञेत चिकटवला, तर अवतरणचिन्हाने माहिती तेथेच संपते, अर्धविरामाने ती आज्ञा संपते आणि त्यापुढे वापरकर्त्याने जे लिहिले असेल ते नवी आज्ञा म्हणून पाळले जाते. दोन रेघांमुळे उरलेला भाग दुर्लक्षिला जातो. या खोडीची जाहीर चर्चा १९९८ पासून चालू आहे, आणि रँडल मन्रो यांच्या एक्सकेसीडी या चित्रमालिकेतील २००७ च्या एका चित्रात एका आईने मुलाचे नावच असे ठेवल्यामुळे शाळेची सगळी नोंद पुसली जाते, हा विनोद जगभरच्या प्रोग्रामरांना पाठ आहे. आमच्या चित्राने ही युक्ती तेथून उचलली होती आणि खाली तसे नमूदही केले होते. परंतु उसनवारीपलीकडे चित्रात एक स्वतंत्र निरीक्षण होते. आडनाव ही माहिती आहे, पण पुण्यातील एजंट ती आज्ञेसारखी चालवतो. तुम्ही त्याला केवळ एक शब्द सांगता आणि तो त्या शब्दातून अनामत रक्कम, आहार, देव, पाहुण्यांची वर्दळ आणि शेवटी ‘मालकांशी बोलून कळवतो’ हे वाक्य, एवढ्या सगळ्या क्रिया पार पाडतो. माहितीला आज्ञा समजणे हा संगणकातील दोष आणि समाजातील दोष येथे खरोखर एकाच घडणीचे आहेत. या गटाच्या कामात तंत्र पोशाख न राहता सांगाडा झाले, असे पहिलेच चित्र हे असावे आणि मला आजही ते चांगले वाटते.

एक शब्द

तिसऱ्या चौकटीतील मूळ आज्ञा ‘ड्रॉप टेबल आडनावे’ अशी होती. ‘आडनावे’ हा शब्द रकान्याच्या चौकटीबाहेर जात होता आणि अक्षर लहान केले तर मोबाइलवर वाचता येत नव्हते. मी ‘जाती’ असा शब्द सुचवला. तो आखूड आहे, ठसठशीत आहे आणि ज्या गोष्टीविषयी बोलायचे तिचे सरळ नाव घेतो, असे माझे समर्थन होते. सरांनी क्षणभर हरकत घेतली की एजंटकडे आडनावांचे टेबल असते, जातींचे नसते. जात तो आडनावावरून स्वतः ठरवतो, त्यामुळे तांत्रिकदृष्ट्या मूळचा शब्दच बरोबर आहे. बाकीच्यांना नवा शब्द अधिक धारदार वाटला. सरांची हरकत हसण्यावारी गेली आणि चित्र आंबेडकर जयंतीनंतरच्या आठवड्यात बाहेर पडले.

पहिले आठ-दहा दिवस सुखाचे गेले. लोक आपापल्या घरशोधाचे किस्से लिहीत होते, वाकडमध्ये काय विचारले आणि कोथरूडमध्ये काय विचारले याची तुलना चालली होती, आणि सर्वसाधारण सभेच्या उल्लेखावर अनेक सोसायट्यांचे चिटणीस स्वतःच हसत होते.

३० एप्रिल रोजी केंद्र सरकारने आगामी जनगणनेत जातींची नोंद करण्याचा निर्णय जाहीर केला. १९३१ नंतरच्या कोणत्याही जनगणनेतून देशातील सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नव्हते; अनुसूचित जाती आणि जमातींची नोंद मात्र स्वतंत्र भारताच्या प्रत्येक जनगणनेत होत आली आहे. या निर्णयावर त्याच रात्रीपासून वाद पेटला, आणि मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत आमच्या चित्राची तिसरी चौकट, फक्त तिसरी, कापून फिरू लागली. भाड्याचे घर नाही, एजंट नाही, बॅकअप नाही. एक तरुण मुलगी ठाम चेहऱ्याने संगणकावर ‘ड्रॉप टेबल जाती’ असे लिहीत आहे, एवढेच. त्यावर वेगवेगळ्या हातांनी मजकूर चढवला होता. मोजणीच नको, जात विसरा म्हणजे जात संपेल, असे एका प्रतीवर होते. टेबल गेले की आरक्षणही गेले, असे दुसरीवर. ज्यांच्या विरोधात चित्र काढले होते त्यांच्याच हातात ते झेंड्यासारखे फडकत होते. माझ्याकडे ते ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटातून आले तो माझ्या भावंडांचा गट होता आणि ते पाठवणाऱ्या आतेबहिणीला ते आपल्याच माणसाचे काम आहे याची कल्पना नव्हती.

उपहास कितीही टोकाचा केला तरी स्पष्ट खूण नसेल तर कोणी तरी तो खरा समजतोच, असा इंटरनेटवरचा एक नियम आहे. नेथन पो नावाच्या माणसाने २००५ मध्ये मांडलेला असल्यामुळे तो त्याच्या नावाने ओळखला जातो. गटातील एकाने या नियमाचा हवाला देऊन प्रकरण मिटवू पाहिले. तो हवाला येथे लागू पडत नाही, असे माझे मत आहे. कापलेली चौकट पाहणाऱ्यांचा गैरसमज झालाच नव्हता. त्या चौकटीत जे लिहिले होते तेच त्यांनी वाचले. जातींचे टेबल काढून टाका असे आम्ही लिहिले होते, आणि टेबल म्हणजे नोंद. ‘आडनावे’ हा शब्द राहिला असता तर जनगणनेच्या वादात ती चौकट कोणाच्याच कामाची नव्हती.

गटाची बैठक झाली. चित्र मागे घेण्याची सूचना लगेच फेटाळली गेली, कारण मूळ चित्र मागे घेतल्याने कापलेली प्रत मागे येत नाही. उलट तीच एकमेव उरते. खुलासा द्यावा तर विनोदाचा खुलासा ऐकणाऱ्याला विनोदही मिळत नाही आणि मुद्दाही. गटातील एकाच्या आईला निराळीच चिंता होती. जून २०१४ मध्ये फेसबुकवरील काही चित्रांवरून शहर तापले असताना हडपसरमध्ये सॉफ्टवेअर क्षेत्रातील एका तरुणाचा जीव गेला होता, आणि त्या चित्रांशी त्याचा काहीही संबंध नव्हता. ती आठवण पुण्यातील या व्यवसायातल्या घरांतून अजून गेलेली नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातील, ऑनलाइन मजकुरावरून अटक करता येणारे कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१५ मध्ये रद्द केले हे त्या आईला सांगून काही उपयोग नव्हता, कारण तिची भीती कलमाची नव्हती. गटाने त्या आठवड्यात काहीच केले नाही.

शेहेचाळीस लाख

काहीच न करण्याच्या त्या आठवड्यात सरांनी मात्र एक कागद सर्वांना पाठवला. २०११ च्या सामाजिक-आर्थिक आणि जात सर्वेक्षणाविषयी केंद्र सरकारने सप्टेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जे प्रतिज्ञापत्र दिले, त्यातील आकडे त्यात होते. ते प्रतिज्ञापत्र महाराष्ट्र सरकारच्याच याचिकेत दिले गेले होते. १९३१ मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या जातींची संख्या ४,१४७ होती. २०११ च्या सर्वेक्षणात ती ४६ लाखांहून अधिक निघाली. माणसे वाढतात तशा जाती वाढत नाहीत. रकाना मोकळा ठेवला, जो जसे सांगेल तसे लिहून घेतले, आणि त्यात जात, पोटजात, आडनाव, गोत्र, कुळ, स्पेलिंगचे फरक असे सगळे येऊन पडले. ज्याने कधी ग्राहकांच्या पत्त्यांची यादी स्वच्छ केली आहे त्याला हे चित्र ओळखीचे वाटेल. एकच पेठ अकरा प्रकारे लिहिलेली असते.

परंतु सरांनी अधोरेखित केलेली ओळ दुसरीच होती. महाराष्ट्राच्या सुमारे १०.३ कोटी लोकसंख्येपैकी सुमारे १.१७ कोटी माणसांपुढे ‘जात नाही’ अशी नोंद होती. त्यांनी खाली एवढेच लिहिले होते की हे सव्वा कोटीच्या आसपासचे लोक कोण आहेत, हे आपल्याला ठाऊक नाही. तत्त्व म्हणून जात न सांगणारे, सांगायला घाबरणारे, विचारलेच न गेलेले आणि प्रगणकाने कंटाळून सोडलेले, असे सगळे त्या एका नोंदीत एकत्र आहेत. आमच्या पहिल्या चौकटीतील मुलगीही त्यातच आहे, ही गोष्ट तेव्हा कोणाच्या ध्यानात आली नाही. ती दुसऱ्याच कोणी तरी आणून दिली.

निरोप

मेच्या दुसऱ्या आठवड्यात एक लांब निरोप आला. पाठवणारी स्त्री खराडीतील एका कंपनीत माहितीच्या साठ्यांची देखभाल करते, रात्रपाळीत. तिने मूळ चार चौकटींचे चित्र पाहिले होते, कापलेले नव्हे, त्यामुळे तिची तक्रार गैरवापराविषयी नव्हती. ती चित्राविषयीच होती. गटाने लिहिलेल्या उत्तराची सुरुवात ‘ताई’ अशी होती. तिने दुसऱ्या निरोपात पहिली गोष्ट केली ती हे नाते नाकारण्याची. त्यानंतरचा पत्रव्यवहार नावाने झाला.

तिचे म्हणणे मी तिच्या परवानगीने माझ्या शब्दांत देतो. तुमच्या चित्रातील मुलगी आडनावाचा रकाना रिकामा ठेवते आणि तुम्हाला ती बंडखोर वाटते. पुण्यात आडनाव न लावणारी माणसे तिलाही ठाऊक आहेत, त्यांतील काहींविषयी तिला आदरही आहे. पण ती माणसे एजंटसमोर आडनाव गाळतात तेव्हा त्यांच्या बोलण्यावरून, उच्चारांवरून, वडिलांच्या व्यवसायावरून, शाळेच्या नावावरून एजंट निश्चिंत होतो आणि तत्त्वाची माणसे दिसतात असे म्हणून चावी काढतो. ती स्वतः आडनाव गाळते तेव्हा त्याच एजंटला शंका येते की ही काही तरी लपवते आहे. तिने दोन वर्षांत चार घरे या दोन्ही मार्गांनी गमावली होती: दोन आडनाव सांगून आणि दोन न सांगून. रकाना रिकामा ठेवणे हा ज्याला परवडतो त्याचा विनोद आहे. पुढे तिसऱ्या चौकटीविषयी तिने लिहिले होते की जिला घर नाकारले जाते ती अशा वेळी प्रणाली फोडत नाही. ती ‘बरं, चालेल’ म्हणते आणि फोन ठेवते, कारण तिला त्याच एजंटकडे पुढच्या आठवड्यात पुन्हा जायचे असते. प्रणाली फोडण्याची कल्पना ज्यांना सुचते त्यांना त्या प्रणालीने कधी बाहेर ठेवलेले नसते.

इथपर्यंत ही टीका होती, आणि अशी टीका पुरोगामी गटांना मिळत असते व ते ती मान हलवून ऐकून घेत असतात. निरोपाचा शेवट मात्र त्यांच्याच भाषेत होता. माहितीसाठ्यात रिकाम्या जागेसाठी ‘नल’ ही खूण असते, आणि त्या खुणेचा एक विचित्र गुणधर्म प्रत्येक नवशिक्याला एकदा तरी फसवतो. नल बरोबर नल का, असे विचारले तर उत्तर ‘हो’ येत नाही. ‘नाही’ असेही येत नाही. ‘अज्ञात’ असे येते. दोन रकाने रिकामे आहेत म्हणून ते सारखे आहेत असे प्रणाली मानत नाही, कारण रिकामा याचा अर्थ येथे काय आहे हे ठाऊक नाही, असा होतो, आणि ज्या दोन गोष्टी ठाऊक नाहीत त्या सारख्या आहेत असे कशाच्या आधारावर म्हणायचे. ही साधी गोष्ट तुमचे यंत्र पाळते आणि तुम्ही पाळत नाही, असे तिने लिहिले होते.

गटातील एकाची पहिली प्रतिक्रिया दुखावल्याची होती. आपण तिच्याच बाजूने बोलत होतो, मग आपल्यावरच का, हा प्रश्न त्याने मोकळेपणाने विचारला आणि त्याबद्दल त्याला दोष देण्यात अर्थ नाही. परंतु उत्तर त्या बैठकीतच हजर होते. टेबलाभोवती बसलेल्या पाचही जणांना, मी धरून, आडनावामुळे घर नाकारले गेल्याचा एकही अनुभव नव्हता. एकाला मांसाहारामुळे नकार मिळाला होता आणि तो ती गोष्ट नेहमी सांगतो. चित्रातील मुलगी बाहेरची असली तरी तिची बुद्धी, तिचा आत्मविश्वास आणि तिची सूडाची पद्धत आतल्यांची होती. पुणेरी पाटीप्रमाणे येथेही बोलणारा दाराच्या आतच उभा होता. फक्त या वेळी त्याने बाहेरच्याचा मुखवटा लावला होता.

सर त्या बैठकीत फार बोलले नाहीत. त्यांनी आपला कागद पुन्हा पुढे सरकवला आणि १.१७ कोटींच्या ओळीवर बोट ठेवले.

नाणे

मे संपण्यापूर्वी गटाने आणखी एक चित्र केले, आणि तुलनेसाठी त्याचा उल्लेख आवश्यक आहे. २० मे रोजी पुण्यात जयंत नारळीकर यांचे निधन झाले. त्यांनी, नरेंद्र दाभोलकर आणि इतर सहकाऱ्यांसह, फलज्योतिषाची जी चाचणी घेतली होती तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. हुशार मुले आणि मतिमंद मुले यांच्या एकूण २०० कुंडल्यांपैकी प्रत्येक ज्योतिष्याला ४० दिल्या गेल्या. २७ ज्योतिष्यांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतील सरासरी ४६ टक्के बरोबर आली. नुसते नाणे उडवले तर ५० टक्क्यांच्या आसपास यावीत. चित्रात एक ज्योतिषी आणि एक रुपया शेजारी बसलेले होते आणि रुपयापुढील पाटीवर लिहिले होते: ‘चार टक्के जास्त बरोबर. दक्षिणा स्वतःच.’

शोकाच्या दिवशी असे चित्र टाकावे की नाही यावर थोडी चर्चा झाली, पण ते टाकले गेले, पुष्कळ फिरले आणि कोणी कापले नाही, कारण कापण्यासारखा भागच नव्हता. आकडा काढला तर विनोद उरत नाही आणि विनोद ठेवायचा तर आकडा ठेवावा लागतो. चार टक्क्यांवरून सरांना टोचत राहिले हेही नोंदवले पाहिजे. ४६ आणि ५० मधील फरक ही ज्योतिष्यांची विशेष नालायकी मानता येत नाही, योगायोगानेही एवढे खालीवर होते, त्यामुळे रुपया जिंकला असे म्हणणे चूक असून दोघांत फरक दिसला नाही एवढेच म्हणता येते. हरकत रास्त होती आणि या वेळीही ती हसण्यावारी गेली. या गटाला ऐकण्याची सवय लागायला वेळ लागतो.

दुसरे चित्र

जूनच्या सुरुवातीला, जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख जाहीर झाली त्याच सुमारास, दुसरे चित्र बाहेर पडले. त्याची कल्पना आणि संवाद निरोप पाठवणाऱ्या स्त्रीचे होते. गटाने फक्त रेखाटन केले. दोन चौकटी होत्या आणि त्या दोन्हींत एकच एजंट, एकच खुर्ची, एकच अर्ज. दोन्ही अर्जांत आडनावाचा रकाना रिकामा. डावीकडे एजंट म्हणतो आहे, ‘वा, आडनाव लावत नाही? छान. चहा घेणार?’ उजवीकडे तो म्हणतो आहे, ‘पूर्ण नाव सांगा ना.’ दोन्ही अर्जदारांचे चेहरे दिसत नाहीत. आपण त्यांच्या खांद्यावरून एजंटकडे पाहतो. चित्रकाराने ही जागा स्वतःहून निवडली होती, आणि बोलणाऱ्याला दाराबाहेर उभे करण्याचा त्याहून सोपा मार्ग मला सुचला नसता. दोन्ही चौकटींना जोडणारी एक आज्ञा खाली होती: ‘रिकामे = रिकामे?’ आणि तिच्यासमोर उत्तर: ‘अज्ञात.’

हे चित्र पहिल्याइतके पसरले नाही. नल म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना ते अर्धेच कळले, तरी एजंटची दोन वाक्ये सर्वांना कळली. काहींनी लिहिले की विनोद कमी आणि टोमणा जास्त आहे. मला ते दोष म्हणून पटत नाही. विरोधी प्रतिसाद आला तो वेगळ्याच प्रकारचा: आडनाव न लावणारी, सभ्य, पुरोगामी माणसे यावर अस्वस्थ झाली आणि आपण तसे नाही हे त्यांनी सविस्तर लिहिले. एकाने राज्य सरकारच्या निर्णयाची आठवण करून दिली की १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत आईचे नाव बंधनकारक झाले आहे, म्हणजे नावाच्या रकान्यांत बदल होऊ शकतो. निर्णय चांगला आहे. त्या क्रमात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि सर्वांत शेवटी आडनाव, असे चार रकाने आहेत आणि शेवटचा जागच्या जागी आहे.

पहिले चित्र आता दुरुस्त रूपात आहे. तिसऱ्या चौकटीत ‘आडनावे’ हा शब्द परत आला आहे. अक्षर लहान करण्याऐवजी संगणकाचा पडदा मोठा काढला, जे पहिल्या दिवशीच करता आले असते. कापलेली जुनी प्रत अजून फिरते. गेल्या महिन्यात ती पुन्हा माझ्या भावंडांच्या गटात आली, तेव्हा मी चारही चौकटींची मूळ प्रत तेथे टाकली. आतेबहिणीने हसणारा चेहरा पाठवला आणि वार्षिक सर्वसाधारण सभेचा विनोद आपल्या सोसायटीला अगदी लागू आहे असे लिहिले. पुढे काही बोलणे झाले नाही.

दुसऱ्या चित्राच्या वेळी श्रेय कसे द्यायचे हा प्रश्न आला. गटाची प्रथा कोणाचेच नाव न देण्याची आहे, आणि निरोप पाठवणाऱ्या स्त्रीला रात्रपाळीची नोकरी व भाड्याचे घर दोन्ही सांभाळायचे असल्यामुळे तिलाही ते सोयीचे वाटेल असे आम्ही धरून चाललो होतो. फक्त पहिले नाव द्यावे, की आद्याक्षर, असे तिला विचारले. तिने नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे चार शब्द पाठवले, आणि मुद्रितशोधकाने त्यातील एकाही अक्षराला हात लावू नये अशी सूचना केली.